आबांनी लेकाला चोर म्हटलं. आता त्याला काय आणि कसं सांगू?

केवडा

इथले स्मृतिभ्रंशावरचे जुने धागे वाचून काढले. औषधं, तपासण्या, मृत्युपत्र, रात्रपाळीच्या मावशी, सगळं आहे त्यात. घरातल्या लहान मुलाबद्दल मात्र कोणी फारसं लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

माझे सासरे एसटीत वाहक होते, चिपळूण आगारातून निवृत्त झाले. लेक त्यांना आबा म्हणतो, त्यामुळे आता आम्ही सगळेच म्हणतो. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे डोंबिवलीला आले. वय ७८. अल्झायमरचं निदान झालंय, औषधं चालू आहेत. लेक चौथीत. दोघांचं मेतकूट असं की शाळेतून आला की दप्तर टाकून आधी आबांच्या खोलीत. पत्ते, कुंभार्ली घाटातल्या गाड्यांच्या गोष्टी, भुताखेतांच्या गोष्टी. त्याच त्या गोष्टी परत परत यायला लागल्या तेव्हा त्याला गंमतच वाटायची, पुढचं वाक्य तोच आधी म्हणायचा.

आबांची एक जुनी चामड्याची कॅश बॅग आहे. त्यात चिल्लर आणि थोड्या नोटा असतात. ती ते लपवतात, लपवल्याचं लक्षात राहत नाही, मग घरभर शोधाशोध. मागच्या महिन्यात त्यांनी लेकाचा दंड धरला आणि "काढ पैसे, चोर साला" म्हणून ओरडले. त्याचे मित्र तेव्हा घरात होते. बॅग नंतर तांदळाच्या डब्यात मिळाली. पण व्हायचं ते झालंच. आता सोसायटीत खेळताना भांडण झालं की पोरं त्याला "चोर" म्हणतात.

तेव्हापासून तो त्या खोलीत जात नाही, जेवायला त्यांच्या शेजारी बसत नाही. "आबा आजारी आहेत" म्हटलं तर म्हणतो, "आजारी माणसं झोपून असतात. आबा तर पोळ्या जास्त खातात." काल म्हणाला, "आत्ता चोर म्हणाले म्हणजे त्यांना आधीपासूनच तसं वाटत असणार." यावर मला काही बोलता आलं नाही. नवरा म्हणतो, जाऊ दे थोडे दिवस, विसरेल. मला नाही वाटत विसरेल.

संध्याकाळी पाचनंतर आबा जास्त बिथरतात. आणि या महिन्यात ते एकदमच वाढलंय. कोणी यातून गेलं असेल तर लिहा.

सांजवात

केवडा, वाचून पोटात तुटलं. "आजारी माणसं झोपून असतात" हे अगदी बिनतोड आहे गं.

आमच्या आत्याला होता हा आजार. ती कामवाल्या मावशींवर आळ घ्यायची. एकामागून एक बायका काम सोडून गेल्या. माझं निरीक्षण सांगते, आळ कधी लांबच्यावर येत नाही. जो दिवसभर हाताशी असतो त्याच्यावर येतो. तुझा लेक सगळ्यात जवळ होता म्हणूनच त्याचा नंबर लागला. त्याला हे आत्ता पटणार नाही, पण सांगून ठेव.

खारवी

स्पष्ट लिहितो, राग नको. आज दंड धरला, उद्या हात उगारतील. पोराला थोडे महिने मामाकडे ठेवा. समजावणं बिमजावणं नंतर.

केवडा

राग कसला. त्याची झोपायची खोली वेगळी आहे आणि आबांबरोबर त्याला आता एकटं सोडत नाही. पण मामाकडे पाठवला तर "मी चोर म्हणून मला घालवलं" हेच त्याच्या डोक्यात पक्कं होईल.

डॉ_पांथस्थ

फिजिशियन आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही. तुमचे डॉक्टर सांगतील ते अंतिम.

सगळ्यात आधी ते "एकदमच वाढलंय" याबद्दल. अल्झायमर सहसा हळूहळू वाढतो, महिन्याभरात अशी उडी मारत नाही. अचानक बिघडलं की आम्ही प्रथम लघवी तपासायला सांगतो. म्हाताऱ्या माणसात मूत्रमार्गाचा संसर्ग कधीकधी ताप न येता नुसता गोंधळ, संशय, चिडचिड एवढ्याच रूपात दिसतो. पोट साफ होतं का, पाणी पुरेसं पितात का, झोपेचं किंवा सर्दीचं एखादं नवं औषध सुरू झालंय का, हेही बघा. आणि कान. कमी ऐकू येणाऱ्याला दोघं जण हळू बोलताना दिसले की आपल्याविषयीच चाललंय असं वाटतं. (ज्यांच्या घरी अजून निदान व्हायचंय त्यांच्यासाठी: बी-१२ आणि थायरॉइड तपासल्याशिवाय कोणताही शिक्का मारून घेऊ नका. त्यांच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो आणि तो बऱ्याच अंशी सुधारू शकतो.)

आता चोरीचा आळ. हा रोगाचाच भाग आहे, आबांचं लेकाबद्दलचं मत नव्हे. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात अलॉइस अल्झायमर यांनी जी ५१ वर्षांची बाई तपासली आणि जिच्यावरून १९०६ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन जगापुढे मांडलं, तिच्यात घरच्यांना सगळ्यात आधी दिसलं ते नवऱ्याबद्दलचा संशय. ती वस्तू इकडच्या तिकडे नेऊन लपवायची, अशीही नोंद आहे. म्हणजे तुमच्या घरातला तांदळाचा डबा पहिल्या केसपासून चालत आलेला आहे.

मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग असतो. नव्या घडामोडींची नोंद व्हायला तो लागतो आणि या आजारात तो लवकर खराब होतो. बॅग डब्यात ठेवली याची आबांच्या मेंदूत नोंदच झाली नाही. आता त्यांच्या बाजूने बघा: बॅग इथे होती. आता नाही. मी हलवलेली नाही. म्हणजे कोणीतरी घेतली. खोलीत कोण येतं? नातू. प्रत्येक पायरी तर्काला धरून आहे, फक्त पहिलीच निखळलेली आहे. चौथीतल्या मुलाला हे व्यवस्थित कळतं. त्याला आजाराचं नाव सांगा आणि ही बॅगेची हकिगत अशीच पायरीपायरीने सांगा. "मेंदू झोपलाय", "डोक्यात उंदीर शिरलाय" असल्या उपमा कृपया नकोत. मुलं त्या शब्दशः घेतात आणि रात्री झोपत नाहीत.

दोन प्रश्न तो विचारणार नाही, पण मनात असतील. हे माझ्यामुळे झालं का, आणि बाबांना किंवा मला होईल का. त्याने विचारायची वाट न बघता उत्तर द्या.

बापू_तर्कटे

डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद माहितीपूर्ण. तथापि आमच्या वाड्यातले एक आजोबा असेच होते. आम्हा पोरांना कोणी समोर बसवून काही समजावले नाही. काठीच्या टप्प्याबाहेर राहायचे, एवढे आम्हास कळत असे. मुले आपोआप शिकतात. हल्ली जेवणाच्या ताटापासून सगळ्याचे समुपदेशन करण्याची टूम निघाली आहे.

दुसरे. आता कोणीतरी "त्यांच्या हो ला हो करा" असे सुचवणारच. ज्या मुलावर विनाकारण आळ आला, त्यालाच खोटे बोलायला शिकवायचे काय?

निमूट

बापू, वाड्यात एक जण ओरडला तर पोरगं दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये काठीच्या टप्प्याबाहेर म्हणजे जिन्यात.

मी वर्षानुवर्षं इथे नुसता वाचतो, आज लिहावंसं वाटलं. माझ्या आजीला हा आजार झाला तेव्हा मी शाळेत होतो. मला कोणी काही सांगितलं नाही. मी खोलीत आलो की मोठ्यांचं बोलणं थांबायचं. आजी मला तिच्या धाकट्या मुलाच्या नावाने हाक मारायला लागली. हा काका माझ्याच वयाचा असताना गेला होता, फोटो भिंतीवर होता. मी माझ्यापुरता अर्थ लावला की आता मी जाणार, आणि ते आजीला आधीच दिसतंय. घरात कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं तर ते खरं ठरेल असं वाटायचं. कितीतरी वर्षांनी आईला हे सांगितलं तेव्हा ती स्वयंपाक सोडून तशीच खाली बसली.

मुलं आपोआप शिकतात हे मान्य. काय शिकतात हे कोण तपासतं?

केवडा, अजून एक. "आबांवर रागवू नकोस, ते आजारी आहेत" हे वाक्य घरातून हद्दपार करा. आजार खरा आहे तसा त्याचा अपमानही खरा आहे. मित्रांसमोर चोर म्हटलं गेलंय त्याला. दोन दिवस धुमसू दे.

डॉ_पांथस्थ

निमूट, हे लिहिल्याबद्दल आभार. मी माझ्या रुग्णांच्या घरच्यांना वाचायला देईन.

आनुवंशिकतेबद्दल थोडक्यात, कारण व्यनितही (व्यक्तिगत निरोपातही) विचारणा झाली. उतारवयात होणारा अल्झायमर बहुतेक वेळा थेट वारशाने येत नाही. आईवडिलांना किंवा भावंडांना असेल तर शक्यता काहीशी वाढते, पण ठरलेलं नसतं. पिढ्यानपिढ्या थेट येणारे प्रकार फार विरळ आहेत आणि त्यात आजार सहसा साठीच्या आधीच दिसतो. मुलाला एवढंच सांगितलं तरी चालेल की हा सर्दीसारखा लागत नाही, आणि बाबांना होईलच असं नाही.

मास्तरीणबाई

प्राथमिक शाळेत शिकवते. बापूंच्या खोटेपणाच्या मुद्द्यावर बोलते, कारण तो मुद्दा चांगला आहे.

आबा म्हणाले, "पैसे चोरले." यावर तीन उत्तरं संभवतात. "कोणी चोरले नाहीत, तुम्हीच ठेवलेत" हे खरं आहे, पण त्याने भांडण वाढतं, कारण त्यांच्या लेखी ते खोटं आहे. "हो हो, चोर पळाला" हे धडधडीत खोटं, आणि भीती घालणारं. तिसरं, "बॅग दिसत नाहीये का? चला, शोधू." यात एक अक्षर खोटं नाही. मुलाला हे तिसरं शिकवायचं. त्यासाठी हो ला हो करावं लागत नाही.

पण केवडा, हे त्याने केलंच पाहिजे असं करू नका. आबांना शांत करणं हे मोठ्यांचं काम आहे. घरात आजारी माणूस असला की शहाण्या मुलांना हळूहळू ड्यूटी लागते, आणि सगळे "किती समजूतदार" म्हणून कौतुक करतात. असं कौतुक झालेली मुलं माझ्या वर्गात पोटात दुखतंय म्हणून डोकं खाली घालून बसलेली असतात. पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, वह्या अपुऱ्या राहणं, यावर लक्ष ठेवा. वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती सांगून ठेवा. आम्हाला माहीत नसलं तर आम्ही नुसतं रागावतो.

मित्रांसाठी त्याला एक तयार वाक्य द्या. "माझ्या आबांना अल्झायमर आहे, ते वस्तू ठेवून विसरतात आणि मग कोणावरही ओरडतात." एवढंच. दोनदा आरशासमोर म्हणायला लावा. ७-८ पोरांमध्ये एखादं तरी म्हणतंच, "आमच्या पण आजीचं असंच आहे." देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. तुमच्या सोसायटीत तुमचं एकच घर असेल असं वाटत नाही.

मेपलपान

टोरांटोहून. आमच्या मुलांना आजी फक्त व्हिडिओ कॉलवर भेटते, त्यामुळे माझा अनुभव अर्धाच समजा.

एका गोष्टीवर घरी बंदी आणली, ती म्हणजे "ओळखलंस का मला?" आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला भेटायला गेलं की हा पहिला प्रश्न. मावश्या, शेजारी, सगळे जण आल्या आल्या तोंडी परीक्षा घेतात. मग आजी घाबरून आईकडे बघते, मुलं आजीकडे बघतात, आणि कोणाचंच धड होत नाही. आता माझी लेक कॉल लागला की आधी सांगून टाकते, "आजी, मी तुझी नात, कॅनडातून बोलतेय." मग आजीला नाव आठवायचं टेन्शन नाही. ती खूश असते. कोणाशी बोलली हे नंतर तिला आठवत नाही, पण आई सांगते की कॉलनंतर बराच वेळ तिचा मूड छान राहतो.

सांजवात

मेपलपान, +१००. आमच्या आत्याची तर पाहुण्यांनी मौखिकच चालवली होती.

केवडा, दोन नंबर लिहून ठेव. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, आणि मानसिक ताणासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही सरकारी, मोफत. दुसरा तुझ्यासाठीही आहे बरं का. शिवाय अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते आहे, ठिकठिकाणी शाखा आहेत. घरच्यांच्या बैठका घेतात त्यात एकदा नवऱ्यालाही घेऊन जा.

लालडबा_प्रेमी

उशिरा आलो. मी वाहकाचा मुलगा. वडिलांची नोकरी रत्नागिरीला गेली. केवडाताई, मला यात आबांचा आजार दिसतो तशी त्यांची नोकरीही दिसते आहे.

तिकिटाची यंत्रं यायच्या आधीचा काळ आठवा. वेगवेगळ्या रंगांच्या तिकिटांचे गठ्ठे पेटीत, गळ्यात बॅग, हातात पंच. ड्यूटी संपली की वे-बिलावर तिकिटांचे नंबर मांडायचे, त्याचे पैसे काढायचे, आणि बॅगेतली रोकड त्याच्याशी जुळवून आगारात भरायची. कमी आली तर जबाबदार कोण? वाहक. मधेच रस्त्यात तपासणी पथक चढायचं. वस्तीची गाडी असेल तर रात्री कुठल्यातरी गावात गाडीतच झोपायचं, बॅग उशाला. वडील सुट्टीच्या दिवशी घरीसुद्धा बॅग उशाखाली घेऊन झोपायचे. आम्ही भावंडांनी त्या बॅगेला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम.

आता तुमचे आबा संध्याकाळी पाचनंतर बिथरतात म्हणता. ड्यूटी संपायची, कॅश भरायची वेळ झाली की हो! त्यांना हिशेब द्यायचाय आणि बॅग सापडत नाहीये. ते नातवावर ओरडत नसतील. आपली रोकड कुणीतरी मारली म्हणून हादरलेला तरुण वाहक ओरडत असेल. डॉक्टर म्हणतील संध्याकाळचा गोंधळ या आजारात असतोच, ते खरंच असेल. पण एकदा संध्याकाळी त्यांच्याकडून कॅश भरून घेऊन बघा. टेबल, कागद, पेन, कोणीतरी मोजून घेणारा.

(अवांतर: पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. आबांना विचारा, हे नक्की आठवत असेल.)

डॉ_पांथस्थ

लालडबा, संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता या आजारात नेहमीची, हे बरोबर. पण ती कोणत्या रूपात बाहेर येते ते माणसाच्या आयुष्यावरून ठरतं. निवृत्त शिक्षिका संध्याकाळी वह्या शोधतात, गृहिणी "मुलं आली नाहीत अजून" म्हणून दारात जातात. करून बघण्यासारखं आहे. खोलीत अंधार पडायच्या आधी दिवे लावा, सावल्यांनीही माणूस घाबरतो.

केवडा

धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, एकेक करून लिहिते.

लघवीत संसर्ग निघाला. आठवडाभर औषध घेतल्यावर आबा पुष्कळ निवळले. "एकदम वाढलंय" हे मी सहज लिहिलं होतं, डॉक्टर. उजव्या कानात मळही होता, तो काढला.

लेकाला डॉक्टरांनी लिहिलं तसं बॅगेची एकेक पायरी सांगितली. आम्ही खरोखरच बॅग डब्यात ठेवून, नवऱ्याला बाहेर पाठवून, त्याला "शोध" म्हणून करून दाखवलं. लेक बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे पुरावा आहे पण चुकीचा." त्याला हेरकथांचं वेड आहे. पुढचा प्रश्न, "मग उद्या परत म्हणतील?" मी हो म्हटलं. "परवा?" हो. "बरे कधी होणार?" होणार नाहीत, म्हटलं. मला वाटलं होतं रडेल. तो उठून खेळायला गेला, आणि रात्री झोपताना रडला. निमूट, मी "रागवू नकोस" म्हटलं नाही. बाबांनाच आबांचा राग येतो हे ऐकून त्याला फार बरं वाटलेलं दिसलं.

लालडबा, नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो उठून गॅलरीत गेला. त्यालाही लहानपणी बॅगेला हात लावायची बंदी होती. आता तो लवकर येतो त्या दिवशी साडेपाचला कॅश भरून घेतो. आबा नाणी रचून मोजतात. बोटं अजून अशी चालतात की बघत राहावं. कागदावर आकडे वेडेवाकडे येतात, पण सही खणखणीत. सही झाली की "डबल बेल" म्हणतात आणि चहा मागतात. रोज जमत नाही. कधी "तू कोण मागणार, तुझा बिल्ला दाखव" म्हणून उखडतात, त्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

लेक यात नाही. दाराशी उभा राहून बघतो. मास्तरीणबाईंनी लिहिलंय म्हणून मी बोलावत नाही. परवा मात्र रद्दीतल्या रंगीत कागदांची तिकिटं कापून, त्यावर नंबर घालून टेबलावर ठेवून गेला. विचारलं तर म्हणाला, "तिकिटं नसतील तर हिशेब जुळणार कसा?" जेवायला अजूनही समोरच्याच बाजूला बसतो.

मित्रांना ते वाक्य सांगितलं. एक पोरगा तरीही चिडवतोच. त्याच्या आईशी मी बोलणार आहे, आणि ते काही फार गोड बोलणं नसेल.

बापू_तर्कटे

"पुरावा आहे पण चुकीचा." या मुलास वकील करा.

समुपदेशनाबद्दलचे माझे मत कायम आहे. परंतु घरात करून दाखवले ते समुपदेशन नव्हे, ते शिक्षण. एक शंका: वाहकाच्या घरी सुनेनेच स्वतः कॅश मोजून घेतली तर चालत नाही काय? नवऱ्याची वाट का पाहावी?

केवडा

बापू, प्रयत्न केला. "बाई कधीपासून आगारात आल्या?" म्हणाले.

लालडबा_प्रेमी

हाहा! आबांना सांगा, आता महिला वाहकही पुष्कळ आहेत.

केवडाताई, माझ्याकडे वडिलांची तिकिटांची रिकामी पेटी आहे. माळ्यावर पडून आहे, मुलाच्या कागदी तिकिटांना उपयोगी पडेल. पुढच्या महिन्यात ठाण्याला येतोय तेव्हा पोचती करतो, पत्ता व्यनि करा. पंच मागू नका, तो देणार नाही.

केवडा

व्यनि केलाय. पंचाचं काम लेक कंपासपेटीतल्या करकटकाने भागवतोय. भूमितीच्या तासाला त्याचं टोक मोडलेलं निघालं म्हणून शाळेतून चिठ्ठी आली आहे.